काउंटरच्या नोकरीसाठी पत्र लिहिताना

जून-जुलै महिन्यांत आपल्या घरांत दोन गोष्टी एकदमच येतात. शिवारात पेरणीची, भांगलणीची घाई आणि घरात मुलांचे निकाल. भाताची धूळवाफ उगवून वर येते, कोळपे फिरू लागते आणि इकडे थोरल्याचे किंवा थोरलीचे गुणपत्रक हातात पडते. मग रात्री जेवणे झाली की सोप्यात बोलणे निघते, "आता पुढं काय?"

जमीन दोन-अडीच एकर, तीत भावाभावांचे वाटे. सगळ्यांनी तिच्यावरच बसून भागणार नाही, हे मुलांच्या आधी आईबापांना ठाऊक असते. सरकारी भरती निघेल तेव्हा निघेल, आणि तिथे जागा मोजक्या, अर्जांचा मात्र ढीग. अशा वेळी एका कामाच्या जाहिराती बाराही महिने दिसतात. 'ग्राहक सेवा प्रतिनिधी पाहिजे' असे त्यांत लिहिलेले असते. शेवटी एक ओळ असते, 'बायोडाटा व सोबत पत्र पाठवावे.' बायोडाटा कसाबसा तयार होतो. सोबतच्या पत्रापाशी मात्र गाडी अडते. आज त्या पत्राविषयीच बोलू.

हे काम कसले?

नाव मोठे असले तरी काम आपल्या ओळखीचे आहे. बँकेच्या खिडकीमागे बसणारी मुलगी, ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये सर्व्हिसिंगची तारीख देणारा मुलगा, दवाखान्यात केसपेपर कुठे काढायचा ते सांगणारी बाई, पाण्याच्या मोटारीची तक्रार फोनवर लिहून घेणारा माणूस, हे सगळे ग्राहक सेवेतच मोडतात. आलेल्या गिऱ्हाइकाचे ऐकून घ्यायचे, त्याची नड नेमकी काय ते ओळखायचे, आपल्या हातात असेल ते करून द्यायचे, नसेल तर कोणाकडे जायचे ते सांगायचे आणि दिलेला शब्द पाळायचा. एवढे ते काम आहे.

शेतकऱ्यांसाठीही अशी एक सेवा आहे. केंद्र सरकारने २००४ साली किसान कॉल सेंटर सुरू केले. १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत फोन लावला की पैसे न पडता आपल्या भाषेत सल्ला मिळतो. पलीकडे बोलणारा मुलगा किंवा मुलगी शेतकी शिक्षण घेतलेली असते. असा फोन केलात तर एक गोष्ट ध्यानात घ्या. चांगला सल्लागार लगेच औषधाचे नाव सांगत नाही. पीक कोणते, किती दिवसांचे, पान कसे दिसते, आधी काय फवारले, हे विचारतो आणि मग सांगतो. आधी ऐकणे, मग विचारणे, मग सांगणे, हा या कामाचा क्रम आहे. पत्र लिहितानाही हाच क्रम ठेवावा लागतो.

सातबारा आणि जमिनीचा कस

बायोडाटा म्हणजे उमेदवाराचा सातबारा. नाव, गाव, शिक्षण, गुण, जन्मतारीख सगळे त्यात येते. पण सातबारा पाहून जमीन किती ते कळते, तिचा कस कळत नाही. त्यासाठी बांधावर उभे राहून मातीत हात घालावा लागतो. सोबतचे पत्र हे बांधावरचे बोलणे आहे. आपण माणसांशी कसे वागतो, ते त्या अर्ध्या पानात दिसले पाहिजे.

आता आपली मुले काय लिहितात ते पाहा. 'आपल्या नामांकित कंपनीत सेवा करण्याची संधी मिळावी. मी प्रामाणिक, कष्टाळू, होतकरू व आज्ञाधारक आहे. माझ्या घरची परिस्थिती हलाखीची असून कुटुंबाची जबाबदारी माझ्यावर आहे. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती.'

यात खोटे काही नसेलही. पण हेच पत्र नावे बदलून गावोगावचे उमेदवार पाठवतात. कोणी झेरॉक्सच्या दुकानातून नमुना आणतो, कोणी मोबाईलवर तयार मजकूर मिळवतो. वाचणाऱ्या व्यवस्थापकाला दहा पत्रांत दहा होतकरू भेटतात. त्यातला राग आलेल्या गिऱ्हाइकाला सांभाळून घेणारा कोण, हे कळायला त्याला जागाच नसते.

त्याची अडचण काय असते? गिऱ्हाईक पूर्वीसारखे मुकाट्याने परत जात नाही. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. आज नडलेला माणूस जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवू शकतो. म्हणून तक्रार काउंटरवरच मिटवणारे माणूस मालकाला हवे असते. घरच्या ओढाताणीचे आपले दुःख खरे असते, पण ते वाचून त्याची अडचण सुटत नाही. ती सोडवू शकेल असे आपल्यापाशी काय आहे, तेच पत्रात आले पाहिजे.

आपल्यापाशी काय आहे?

"आमच्या पोराला कसला अनुभव? शेतात राबलाय तेवढाच," असे घरची माणसे म्हणतात. मुलेही तेच मानतात आणि 'अनुभव' या शब्दापुढे 'निरंक' लिहून मोकळी होतात. इथेच नुकसान होते.

शेतकऱ्याचे घर जन्मभर काउंटरच्या अलीकडे उभे असते. दूध संस्था, विकास सेवा संस्था, कारखान्याचे गट ऑफिस, तलाठी, रेशन दुकान, वीज मंडळ, मार्केट यार्डातली गुळाची अडत. वर्षभरात किती खिडक्यांपुढे उभे राहावे लागते ते मोजून पाहा. नीट उत्तर मिळाले तर दिवस कसा वाचतो आणि 'उद्या या' म्हटले की एसटीचे भाडे आणि रोजगार दोन्ही कसे बुडतात, हे या घरातल्या मुलाला शिकवावे लागत नाही. काउंटरपलीकडे बसणाऱ्याला ही जाण फार उपयोगी पडते.

शिवाय आपली पुष्कळ मुले काउंटरपलीकडेही बसलेली असतात, फक्त त्याला कोणी नोकरी म्हणत नाही. कोल्हापूर जिल्हा सहकाराचा आहे. 'गोकुळ' या नावाने ओळखला जाणारा जिल्हा दूध संघ १९६३ सालचा. गावोगावच्या दूध संस्थांत सकाळ-संध्याकाळ सभासद दूध घालतात, फॅट लागते, पावती निघते, आणि फॅट एक-दोन पॉइंटांनी खाली आली की बोलाचाली होते. तिथे माप घेणारी, नोंद करणारी कॉलेजची मुले असतात. चिडलेल्या माणसाशी कसे बोलावे, याचा धडा ती दिवसातून दोन वेळा घेत असतात.

एखाद्या मुलाने शेजारच्या आजोबांच्या उसाची चुकलेली लागण नोंद गट ऑफिसला दोन खेपा घालून दुरुस्त करून आणलेली असते. तोडणीच्या वेळी चिटबॉयशी बोलून दोन शेजाऱ्यांतला 'आधी कोणाचा फड' हा वाद मिटवलेला असतो. २०२१ साली मोबाईलवरची ई-पीक पाहणी आली तेव्हापासून कितीतरी मुलींनी गल्लीतल्या दहा-वीस जणांची पाहणी भरून दिली आहे. फोटो का उमटत नाही, गट नंबर चुकला तर काय करायचे, हे वयस्क माणसांना न कंटाळता समजावले आहे. ही सगळी ग्राहक सेवाच आहे. पत्रात ती लिहायची राहते, एवढेच.

भाषेचेही तसेच. गडहिंग्लज, चंदगड, कागल, शिरोळ या सीमेलगतच्या भागातल्या पुष्कळ घरांत कन्नड समजते, बोलता येते. कोल्हापूरच्या पेठेत निपाणी, चिकोडीकडचे गिऱ्हाईक येते. तिथल्या दुकानदाराला कन्नड बोलणारी मुलगी सोन्यासारखी वाटेल. पण बायोडाट्यात 'मराठी, हिंदी, इंग्रजी' एवढेच लिहिलेले असते.

कुंभोजचा विक्रेता

शेतकऱ्याच्या दारात जाऊन बोलण्याचे काम हलके मानणाऱ्यांनी कर्मवीर भाऊराव पाटलांची आठवण ठेवावी. त्यांचा जन्म १८८७ साली आपल्या हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजला झाला. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढण्यापूर्वीच्या काळात त्यांनी ओगल्यांच्या काच कारखान्यासाठी आणि किर्लोस्करांच्या कारखान्यासाठी विक्रेत्याचे काम केले. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर नवा होता तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. असा नांगर विकायचा तर आधी शेतकऱ्याची शंका ऐकून घ्यावी लागे. या कामासाठी भाऊराव गावोगाव हिंडले आणि खेड्यातले अज्ञान व दारिद्र्य त्यांनी जवळून पाहिले. पुढे 'कमवा आणि शिका' हा रस्ता त्यांनी मुलांना दाखवला. हाताने केलेले काम लपवायचे नसते, ही शिकवण त्यातच आहे.

पत्राची बांधणी

पत्र अर्ध्या पानाचे, फार तर एका पानाचे असावे. लिहायला बसण्याआधी जाहिरात दोनदा वाचा आणि पेन्सिलीने खुणा करा. काम काउंटरवर आहे की फोनवर? पाळी कोणती? भाषा कोणत्या मागितल्या आहेत? संगणक, दुचाकी लागते का? जे विचारले आहे त्याचे उत्तर पत्रात आलेच पाहिजे. जाहिरात न वाचता लिहिलेले पत्र म्हणजे गिऱ्हाइकाचे न ऐकता दिलेले उत्तर.

जुन्या पत्रांत 'सा. न. वि. वि.' पासून 'लोभ असावा' पर्यंत मायन्याचा थाट असे. नोकरीच्या पत्राला 'महोदय' किंवा 'महोदया' आणि शेवटी 'आपला विश्वासू' किंवा 'आपली विश्वासू' एवढे पुरे. मधला मजकूर चार भागांत बसतो. पहिल्या भागात जागा कोणती आणि जाहिरात कुठे वाचली. दुसऱ्यात माणसांशी केलेल्या कामाचा एकच खरा प्रसंग, आकड्यासह. तिसऱ्यात भाषा, संगणक वगैरे. येत नसेल तेही सरळ सांगावे. चौथ्यात कधीपासून येऊ शकता ते. नमुन्यादाखल एक पत्र देतो. यातला प्रसंग आणि आकडे कल्पनेतले आहेत. तुमच्या पत्रात तुमचे खरे घाला.

मा. व्यवस्थापक,
(कंपनीचे नाव), कोल्हापूर.

विषय : ग्राहक सेवा प्रतिनिधी या जागेसाठी अर्ज

महोदय,

दि. … च्या (वृत्तपत्राचे नाव) अंकातील आपली जाहिरात वाचली. ट्रॅक्टर सर्व्हिसिंग विभागात ग्राहकांशी बोलण्यासाठी आपल्याला उमेदवार पाहिजे आहे. त्या जागेसाठी मी अर्ज करीत आहे.

मी यंदा बी.कॉम. झाले. गेली २ वर्षे रोज सकाळी आमच्या गावच्या दूध संस्थेत संकलनाच्या नोंदी करते. सुमारे १४० सभासद दूध घालतात. फॅट कमी लागली की सभासद चिडतात. अशा वेळी मी त्यांच्यासमोर नमुना पुन्हा लावून आकडा दाखवते आणि मागच्या दिवसांच्या नोंदी वाचून दाखवते. गेल्या पावसाळ्यात बिलांबद्दल ११ तक्रारी आल्या. त्या मी वहीत लिहून घेतल्या. पुढच्या बिलाआधी ९ मिटल्या. उरलेल्या दोघांना उशीर का होतो आहे ते घरी जाऊन सांगितले.

आमचा स्वतःचा ट्रॅक्टर आहे. ऐन हंगामात तो बंद पडला की घरात काय होते ते मी पाहिले आहे. त्यामुळे फोन करणाऱ्या शेतकऱ्याची घाई मला समजते.

मी मराठी, हिंदी व कन्नड बोलते. इंग्रजी वाचता-लिहिता येते, बोलण्याचा सराव चालू आहे. संगणकावर मराठी व इंग्रजी टंकलेखन येते. जाहिरातीत रविवारच्या कामाचा उल्लेख आहे, ते मला चालेल. पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून रुजू होता येईल.

आपली विश्वासू,
(सही, पूर्ण नाव, पत्ता, मोबाईल क्रमांक)

या पत्रात 'प्रामाणिक' हा शब्द नाही. पण न मिटलेल्या दोन तक्रारी तिने लपवल्या नाहीत, यावरून तो गुण वाचणाऱ्याला कळतो. 'कष्टाळू' हा शब्द नाही, पण रोज सकाळचे काम दिसते. गरिबीचा उल्लेख नाही, आणि त्यामुळे तिची मान खाली जात नाही. 'इंग्रजी बोलण्याचा सराव चालू आहे' या वाक्यानेही तिचे काही बिघडत नाही. 'उत्तम इंग्रजी' असे लिहून मुलाखतीत गप्प बसण्याची वेळ तिच्यावर येत नाही.

आकडे मात्र फुगवू नका. मुलाखत घेणारा हमखास विचारतो, "त्या दोन तक्रारी कसल्या होत्या?" खरा प्रसंग असेल तर उत्तर आपोआप येते. उसना असेल तर दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडायला होते.

पाठवण्याआधी

जाहिरात मराठीत असेल तर पत्र मराठीत, इंग्रजीत असेल तर इंग्रजीत. इंग्रजी लिहायचे असले तरी आधी मराठीत लिहून काढा, म्हणजे काय सांगायचे ते पक्के होते. मग लहान लहान वाक्यांत इंग्रजी करा आणि गावातल्या शिक्षकांकडून तपासून घ्या. मोठाले शब्द घालण्याच्या भरीला पडू नका. मोबाईलवरची साधने आता क्षणात पत्र लिहून देतात. शुद्धलेखन तपासायला त्यांचा उपयोग करा, पण तुमच्या दूध संस्थेत काय घडले ते त्यांना माहीत नसते. ते तुम्हीच लिहायचे आहे.

पत्र ई-मेलने पाठवायचे असेल तर विषयाच्या ओळीत जागेचे नाव आणि आपले नाव लिहा. ई-मेलचा पत्ता साधा, आपल्या नावाचा ठेवा. दिलेला मोबाईल क्रमांक चालू ठेवा आणि घरच्यांनाही सांगून ठेवा, नाहीतर बोलावण्याचा फोन धाकट्याने घेऊन 'दादा रानात गेलाय' म्हणून ठेवून दिला असे व्हायचे.

पत्र पूर्ण झाले की घरात मोठ्याने वाचून दाखवा. आजीला ऐकवा. तिला जे वाक्य कळले नाही ते पुन्हा लिहा. उद्या काउंटरवर तिच्यासारखीच माणसे समोर येणार आहेत, आणि त्यांना समजेल असे बोलण्यासाठीच तर तुम्हाला पगार मिळणार आहे.

वडीलधाऱ्यांसाठी दोन शब्द

मुलाने पत्रात डेअरीचे, उसाच्या फडाचे लिहिले तर "हे कशाला लिहितोस, लोक हसतील" असे म्हणू नका. घरातच कामाची लाज वाटू लागली तर मूल बाहेर मान वर करून कसे बोलेल? मुलींच्या बाबतीत "काउंटरला बसून चार लोकांशी बोलायचं काम नको" असे म्हणणारी घरे अजून आहेत. तीच मुलगी रोज सकाळी सभासदांचे माप लिहिते तेव्हा कोणाला काही वाटत नाही. कामाची जागा, येण्याजाण्याची वेळ, सोबत कोण आहे हे जरूर जाऊन पाहावे. पण पाहून झाल्यावर तिला अडवू नये.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे पैशाचे. नोकरी देतो म्हणून कोणी 'नोंदणी', 'ट्रेनिंग फी', 'गणवेशाची अनामत' अशा नावाखाली पैसे मागितले तर तिथेच थांबा. खरा मालक कामाचा पगार देतो, काम देण्यासाठी पैसे घेत नाही. दावणीची म्हैस विकून, सोसायटीचे कर्ज काढून असे पैसे भरू नका. ओटीपी, बँकेचा तपशील फोनवर देऊ नका. मोबाईलवरून कोणी फसवलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवून ठेवण्याची आशा अधिक.

एका अर्जावर आस लावून बसू नका. पत्र पाठवल्यापासून आठ-दहा दिवसांत काही कळले नाही तर एकदा फोन करून नम्रपणे विचारा. 'अर्ज पोचला का?' एवढेच विचारायला हरकत नाही. नकार आला तरी तो प्रसंग, ते आकडे तुमचेच आहेत. पुढच्या जाहिरातीला जागेप्रमाणे थोडे फिरवून ते पुन्हा कामी येतात.

या आठवड्यात पाऊस उघडीप देईल त्या संध्याकाळी एक वही घ्या. गेल्या वर्षभरात दुसऱ्याची कोणकोणती नड आपण भागवली, कोणाची तक्रार ऐकून घेतली, कोणाचा कागद दुरुस्त करून आणला, ते आठवून लिहा. दहा ओळी सहज भरतील. त्यातली सर्वांत चांगली एक ओळ निवडा आणि पत्राची सुरुवात तिथून करा.